सातारा-सांगलीकडं पहिली घोडी घेताना: जात, दात, पाय, कागद आणि चारा

पुसेगावच्या यात्रेत बैलबाजार फिरलेला आमच्याकडचा कुठलाही शेतकरी खिलार खोंड लांबून चालत येताना बघितला तरी सांगतो की हा औताला कसा चालेल, पाय कसा टाकतोय, खूर कसाय. आणि तोच माणूस घोडा घ्यायला गेला की रंग बघतो, कान बघतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. माझं पण तसंच झालं. मी खटाव तालुक्यातला, घरी पिढ्यानपिढ्या बैल, घोडा कुणाकडंच नव्हता. सहा-सात वर्षांपूर्वी एका बाजारात पांढरीशुभ्र घोडी दिसली, व्यापारी म्हणाला नुकरा आहे, चार वर्षाची आहे, गरीब आहे, आणि मी दीड लाखाला घेतली. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागली, चैत्राच्या उन्हात नाकावरची कातडी सोलून निघाली, आणि डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं तर वय बाराच्या पुढं. ती घोडी अजून आमच्याकडंच आहे, तिला मी विकली नाही, पण त्या दोन वर्षात जे शिकलो ते आधी कुणी सांगितलं असतं तर तिचे पण हाल वाचले असते. आता माझ्याकडं विचारायला बरीच पोरं येतात, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगतो, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढलं.

१. आधी काम ठरवा, मग जात

"कुठली जात चांगली?" हा पहिला प्रश्न असतो आणि त्याला उत्तरच नाही. घोडी कशाला पाहिजे ते आधी सांगा. शेतावर फिरायला आणि पोरांना शिकवायला, लग्नाच्या वरातीला, टांग्याला-छकड्याला, लांब पल्ल्याच्या रपेटीला, का पैदाशीला? वरातीला उंच, देखणी आणि ढोल-ताशाला न बिथरणारी लागते. पोरांना बुटकी, शांत आणि वयानं थोडी मोठी लागते.

दुसरं, तुमचा तालुका. आपल्या दोन जिल्ह्यात एवढा फरक आहे की एकच सल्ला चालत नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळ्याची पश्चिम बाजू इथं चार महिने पाऊस, चिखल, ओल, तिथं खुरं कुजतात. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ इथं ऊन आणि खडक, तिथं खुरं चांगली राहतात पण चारा-पाण्याची ओढाताण. आणि वाळवा, मिरज, कराडचा ऊसपट्टा, तिथं हिरवं भरपूर, आणि त्याच हिरव्यानं घोडी आजारी पडते, ते पुढं चाऱ्याच्या भागात सांगतो.

तिसरं म्हणजे पहिल्या वेळेला नर घेऊ नका. रुबाब असतो हे खरं, पण माजावर आलेली घोडी अर्ध्या किलोमीटरवर असली तरी तो आवरत नाही आणि नवशिक्याच्या हातून सुटतो. घोडी घ्या, किंवा खच्ची केलेला घोडा मिळाला तर तो घ्या.

२. जाती ओळखायला शिका

भारतात नोंद झालेल्या देशी घोड्यांच्या जाती मोजक्याच आहेत. मारवाडी, काठेवाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी, भूतिया, आणि आता आपली भीमथडी. त्यातल्या स्पिती (हिमाचल), झांस्करी (लडाख) आणि भूतिया (सिक्कीम-दार्जिलिंग) ही थंड डोंगरातली ओझ्याची तट्टं, ती आपल्या हवेत आणण्यात अर्थ नाही. मणिपुरी तट्टू साधारण ४४ ते ५२ इंच उंचीचं, पोलो हा खेळ जगभर पसरला त्याचं मूळ याच तट्टावरच्या मणिपूरच्या खेळात आहे, पण ते आपल्या बाजारात दिसत नाही. म्हणजे आपल्या कामाच्या जाती चार-पाचच.

भीमथडी. हिच्यापासून सुरुवात करतो कारण ही आपली. भीमेच्या खोऱ्यातली, म्हणजे पुणे, सोलापूर, नगर, सातारा या पट्ट्यातली. जुन्या इंग्रजी नोंदीत दख्खनी घोडा म्हणून येते ती हीच. मराठ्यांच्या फौजा शिलेदार-बारगिरांसकट ज्या तट्टांवर लांबलांबचे पल्ले मारायच्या ती ही तट्टं, दिसायला साधी, अंगानं आटोपशीर, पण काटक. मधल्या काळात बरेच जण म्हणायचे की ही जात संपली. संपली नव्हती, धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर होती. दिवाळीनंतर फलटण-माणकडची मेंढरं कोकणात उतरतात तेव्हा कळपाबरोबर जी घोडी चालते, पाठीवर तंबू, भांडी, कोंबड्या आणि नवं जन्मलेलं कोकरू बांधलेलं असतं, ती बघितली असेल तुम्ही. रस्त्यानं गाडीतून जाताना आपण सगळ्यांनी बघितलीय, फक्त तिला जात म्हणून कुणी बघितलं नाही. २०२४ च्या सुरुवातीला बातमी आली की कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. माझं स्वच्छ मत सांगतो, या दोन जिल्ह्यात शेतावर फिरायला, पोरांना शिकवायला आणि डोंगरात जायला पहिली घोडी घ्यायची असेल तर भीमथडी घ्या. कमी खाते, खूर टणक, रस्त्यावरच्या ट्रकला घाबरत नाही कारण जन्मापासून रस्त्यावरच चाललेली असते. वरातीला मात्र हिला कुणी बोलवत नाही, उंची नाही आणि झगमग नाही.

मारवाडी. जोधपूर-मारवाडकडची, राठोड राजांनी जपलेली. कानाची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात ही हिची खूण सगळ्यांना माहीत असते, आणि तिथंच फसवणूक होते. आत वळलेले कान काठेवाडीला पण असतात, आणि संकरित जनावरालाही येतात. कानाबरोबर लांब सडपातळ मान, सरळ किंवा थोडं बाहेर आलेलं नाक, पातळ कातडी आणि लांब पाय असं सगळं बघा. उंची साधारण ५८ ते ६२ इंच, त्याच्या पुढच्या घोड्यांना बाजारात वेगळाच भाव असतो. चांगल्या मारवाडीला रवाल चाल जन्मतः असते, म्हणजे दुडकीसारखी (घोड्याची उसळत पळायची चाल) उसळत नाही, पाठीवर बसलेला माणूस हलत नाही, पाण्याचा तांब्या हातात धरला तरी सांडणार नाही अशी. घोडी अंगानं गरम, हुशार आणि मानी असते. धडपणे शिकवलेली मारवाडी मिळाली तर सोनं आहे, पण अर्धवट शिकवलेली मारवाडी नवशिक्याला झेपत नाही.

काठेवाडी. सौराष्ट्रातली. मारवाडीपेक्षा थोडी बुटकी, कान अजून जास्त वळलेले, कपाळ रुंद आणि त्याच्याखाली नाकाची रेष किंचित आत गेलेली. मारवाडीचा चेहरा लांब, हिचा आखूड, दोन्ही शेजारी उभ्या केल्या की लगेच कळतं. मातकट पिवळसर अंग आणि पाठीच्या कण्यावरून काळी रेघ असा रंग यांच्यात बघायला मिळतो. कोरड्या भागाला, जत-आटपाडीला, मला ही मारवाडीपेक्षा जास्त पटते.

कच्छी-सिंधी. व्यापारी नुसतं "सिंधी" म्हणतात. नाक पोपटासारखं बाहेर आलेलं, कान थोडे वळलेले पण टोकं न टेकणारे, पाय जाड, पाठ आखूड. सोसण्याची ताकद मोठी, उन्हात चालते, चाल मऊ. स्वभाव मारवाडीपेक्षा निवांत. पहिल्या घोडीला जरा उंची पाहिजेच असेल तर मी हिचं नाव घेईन.

नुकरा. नुकरा म्हणजे चांदी, हा रंगावरून पडलेला शब्द आहे, नोंद झालेली जात नाही. बहुतेक पंजाबकडून येतात. पांढरे केस, खाली गुलाबी कातडी. सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, कारण प्रत्येक पांढरी घोडी नुकरा नसते. सब्जा घोडी जन्मते काळपट आणि वयानं पांढरी होत जाते, तिची कातडी काळी असते, नाकपुडी आणि डोळ्याभोवती बघा लगेच कळतं. नुकरा जन्मापासून गोरी. वरातीला नुकऱ्याला तोड नाही, पण गुलाबी कातडीला ऊन सोसत नाही. आमच्या घोडीला फाल्गुन ते मिरग रोज सकाळी नाकावर डॉक्टरांनी दिलेलं मलम चोळावं लागतं आणि अकरा ते चार सावलीतच बांधावी लागते, एक दिवस विसरलो तर संध्याकाळपर्यंत नाक लालबुंद होतं आणि ती तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या खुराकाच्या पिशवीत) तोंड पण घालू देत नाही. सावलीचा तबेला नसेल तर नुकरा घेऊ नका.

थरोब्रेड, म्हणजे रेसचा घोडा. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून उतरलेले घोडे स्वस्तात मिळतात म्हणून पोरं आणतात. उंच, देखणा आणि पळायचंच शिकवलेला. कातडी पातळ, खुराक जास्त, आणि बऱ्याच जणांच्या पुढच्या पायाच्या शिरा रेसमध्ये दुखावलेल्या असतात. शिकवणारा उस्ताद जवळ असेल तरच हात घाला.

रंगाचे शब्द पण माहीत करून घ्या, बाजारात त्याच भाषेत बोलतात. कुमैत म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ-शेपूट, मुश्की म्हणजे काळा, अबलख म्हणजे दोन रंगी, पंचकल्याणी म्हणजे चारी पाय आणि तोंडावर पांढरं. अंगावरच्या केसांचे भोवरे आणि गोम (केसांची उलटी रेघ) यावरून शुभ-अशुभ ठरवणारे भेटतील. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी बघावं, मी काही बोलत नाही, पण एक सांगतो, देवमण (शुभ मानतात तो भोवरा) असलेली घोडी म्हणून दुप्पट पैसे मागत असतील तर आधी तिचे पाय बघा.

३. उंची स्वतः मोजा

आपल्याकडं उंची इंचात सांगतात. मोजायची ती मानेचा शेवट आणि पाठीची सुरुवात जिथं उंचवटा असतो तिथपासून सरळ खाली जमिनीपर्यंत. डोक्यापासून नाही. बाहेरचे लोक हँडमध्ये सांगतात, एक हँड म्हणजे ४ इंच, आणि १४.२ म्हणजे १४ हँड वर २ इंच, म्हणजे ५८ इंच. साधारण याच्या खाली पोनी किंवा तट्टू, वर घोडा. टेप पोटाच्या फुगवट्यावरून टाकली की दोन-तीन इंच फुकट वाढतात, त्यामुळं सरळ काठी घेऊन जा आणि घोडी सपाट फरशीवर उभी करा. बाजारात मुद्दाम उंचवट्यावर उभी करतात.

४. कुठं बघायची

सारंगखेड्याची यात्रा (नंदुरबार जिल्हा, तापीकाठी, दत्तजयंतीला) हा राज्यातला सगळ्यात नावाजलेला घोडेबाजार. नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा पण मार्गशीर्षातच. जवळचं म्हणाल तर अकलूजला दिवाळीच्या सुमाराला घोडेबाजार भरतो, साताऱ्या-सांगलीकरांना तोच सोयीचा. पहिल्या वर्षी बाजारात फक्त बघायला जा, पैसे घरी ठेवून जा. दोन दिवस फिरा, शंभर तोंडं बघा, डोळा बसतो.

भीमथडी बाजारात कमी आणि वाड्यावर जास्त मिळते. माझी दुसरी घोडी म्हसवडच्या बाजूला एका धनगर आप्पांकडून घेतली. मी गेलो आणि सवयीनं रंगाचं विचारायला लागलो, तर आप्पा म्हणाले, "पाव्हणं, रंगाचं काय घिऊन बसलाय, तिच्यासंगं दोन मैल चाला की आदी." आणि खरंच चालवलं मला, मेंढरांच्या मागं, उन्हात, दोन तास. घोडी पाठीवर ओझं घेऊन दगडातनं कशी पाय टाकते, कुत्रं अंगावर आलं की काय करते, पाणी दिसल्यावर ओढते का, सगळं त्या दोन तासात दिसलं. आता मी कुणाहीसाठी घोडी बघायला गेलो की हेच करतो, आधी तिच्याबरोबर चालतो.

५. घोडी तपासायची कशी

यात घाई केली की पुढं दहा वर्षं भोगायला लागतं, म्हणून हा भाग दोनदा वाचा.

*दात.* पुढचे खालचे सहा दात बघायचे. दुधाचे दात लहान आणि पांढरे, पक्के दात मोठे आणि पिवळसर. मधली जोडी अडीच वर्षाला बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला, आणि पाच वर्षाला तोंड पूर्ण होतं. त्यानंतर खालच्या दातांच्या माथ्यावरचा खळगा झिजत जातो, मधल्या जोडीचा सहाच्या आसपास, शेजारच्या जोडीचा सातला, कडेचा आठला. पुढं वरच्या कडेच्या दातावर हिरडीपासून एक उभी तपकिरी खाच उतरायला लागते, ती दिसली की दहा, अर्ध्यावर आली की पंधरा, खालपर्यंत गेली की वीस. माझ्या "चार वर्षाच्या" घोडीची खाच दाताच्या तिसऱ्या हिश्श्यावर आली होती, मला दाखवली डॉक्टरांनी, आणि मी ती खाच बाजारात पण बघितली होती, फक्त मळ वाटला होता. दात कानशीनं घासून किंवा खळगा कोरून वय कमी दाखवतात, पण वय वाढलं की पुढचे दात बाहेर तिरके होत जातात, तो तिरकेपणा लपवता येत नाही. बाजूनं बघा.

*पाय.* तुमचा हात वरून खालपर्यंत फिरवा, दोन्ही पुढच्या पायांवर एकाच वेळी, दोन्ही हातांनी. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला, शीर जाड लागली, घोडीनं पाय ओढून घेतला, तर थांबा. मग कठीण जमिनीवर, मऊ वाळूत नाही, दुडकी चालीत पळवायला सांगा आणि डोकं बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना मान वर जाते. मग आखूड फेऱ्यात दोन्हीकडं वळवा, आणि चार पावलं मागं घ्यायला लावा.

*खूर.* चारी पाय उचलून बघा. घोडी पाय देते का हे पण त्यातच कळतं. खुराच्या तळाला जो त्रिकोणी मऊ भाग असतो तो घट्ट पाहिजे, काळं पाणी आणि घाण वास असेल तर कुजलाय. खुराला आडवी-तिडवी भेग नको.

*डोळे आणि दम.* कापसाचा बोळा डोळ्यासमोर सोडा, नजरेनं पाठलाग केला पाहिजे, दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं करून बघा. हातानं वारा घालू नका, वाऱ्यानं आंधळी घोडी पण डोळा मिटते. पळवून आणल्यावर दम किती वेळात खाली येतो आणि खोकते का ते बघा.

आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट, दुसऱ्या दिवशी पहाटे न सांगता परत जा. वेदनाशामक इंजेक्शन देऊन लंगडी घोडी सरळ चालवतात, झोपेचं औषध देऊन बिथरणारी गरीब करतात, केस रंगवतात. रात्रभरात बऱ्याचदा औषध उतरतं, आणि थंड अंगानं पहिली दहा पावलं टाकताना खरा पाय दिसतो. खोगीर घालताना, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना तुम्ही समोर असा. विकणारा म्हणाला की आत्ताच फिरवून आणलीय, तर का फिरवून आणली ते विचारा.

तज्ज्ञ डॉक्टर बरोबर नेता आला तर उत्तम. गाई-म्हशींचे डॉक्टर गावोगाव आहेत, घोड्याचा हात बसलेले कमी. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं, तिथला रस्ता आणि वेळ आधीच माहीत करून ठेवा.

६. रक्ततपासणी आणि कागद

ग्लँडर्स हा शब्द पाठ करा. घोड्याचा जिवाणूमुळं होणारा रोग, नाकातनं पू, अंगावर गाठी आणि फोड, आणि माणसालाही लागतो. भारतात बऱ्याच वर्षांनी २००६ साली महाराष्ट्रात पुन्हा निघाला. जनावर पॉझिटिव्ह आलं तर उपचार करायचे नसतात, कायद्यानं त्याला दयामरण द्यावं लागतं, आणि आजूबाजूच्या घोड्यांची ने-आण बंद होते. बाहेरून तब्येत ठणठणीत दिसणारी घोडी पण पॉझिटिव्ह असू शकते, म्हणून रक्त तपासल्याशिवाय पैसे पूर्ण द्यायचे नाहीत. सरकारी पशुवैद्यकीय अधिकारी रक्ताचा नमुना घेतात, या तपासणीचं देशातलं मुख्य केंद्र म्हणजे हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. रिपोर्टला दिवस लागतात, तोवर विसार देऊन थांबा. "रिपोर्ट नंतर पाठवतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, मग घोडी कितीही आवडलेली असू दे.

जवळ पाहिजेत ते कागद:
- ग्लँडर्स निगेटिव्ह रिपोर्ट, त्यावर घोडीचा रंग-खुणा लिहिलेल्या, आणि त्या समोरच्या घोडीशी जुळवून बघितलेल्या
- पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा आरोग्य आणि वाहतुकीचा दाखला
- बाजारात घेतली तर बाजार समितीची पावती, बाहेर घेतली तर स्टँपपेपरवर खरेदीखत, दोन साक्षीदार
- विकणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स
- मारवाडी नोंदणीकृत आहे म्हणून जास्त पैसे देत असाल तर तिचा पासपोर्ट (नोंदणीचं ओळखपुस्तक), आणि चिप असेल तर ती तिथंच वाचून नंबर जुळवून घ्या
- घोडीचे दोन्ही बाजूंचे आणि तोंडाचे फोटो, खरेदीच्या दिवशीचे

खरेदीखतात वय, रंग, भोवरे, आणि "लंगडत नाही, आंधळी नाही, गाभण आहे/नाही" हे लिहून घ्या. माझ्याकडं नुसती वहीच्या पानावरची पावती होती, त्यात वय नव्हतं, मग भांडायला तोंडच राहिलं नाही.

पैदाशीत उतरायचं असेल तर राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून घोडे, गाढव, खेचर, उंट यांच्यासाठी पण ५० टक्के भांडवली अनुदान आहे, ५० लाखांच्या मर्यादेत. पण ते पहिल्या घोडीचं काम नाही.

७. घरी आणताना

पिकअपमध्ये खाली रबर मॅट आणि वर भुसा किंवा पाचट टाका, नुसत्या पत्र्यावर घसरून पाय मोडतो. मोहरकीची (तोंडावर घालायच्या दोरीच्या फासाची) दोरी आखूड नको आणि एवढी लांब पण नको की पाय अडकेल. दर दोन-तीन तासांनी थांबून पाणी दाखवा. उन्हाळ्यात रात्रीच निघा. खंबाटकी, पसरणी असले घाट हळू, ब्रेक अलगद. घरच्या पाण्याला तोंड लावत नाहीत कधीकधी, म्हणून तिथलं एक कॅन पाणी आणि दोन दिवसाचा तिथलाच चारा बरोबर आणा.

घरी दुसरी घोडी असेल तर नवीन घोडी दोन-तीन आठवडे वेगळी बांधा, बादली पण वेगळी.

८. चारा: गाईचं घोड्याला चालत नाही

आमच्या भागात सर्वात जास्त घोडी इथं बिघडतात, आणि मालकाला कळत पण नाही कारण त्याच गोठ्यातल्या म्हशी तेच खाऊन ठणठणीत असतात. गाय रवंथ करते, चार कप्प्यांचं पोट आहे. घोड्याचं पोट लहान, आणि त्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढंच जाणार.

ऊसपट्ट्यातली पोरं वाढं (उसाचे शेंडे) आणि हत्तीगवत टाकतात, फुकट आहे म्हणून. हत्तीगवतासारख्या चाऱ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून टाकतं, आणि वरून रोज पाटीभर गव्हाचा कोंडा दिला की फॉस्फरस वाढतो. मग शरीर हाडातनं कॅल्शियम ओढतं, काही महिन्यांनी तोंडाची हाडं सुजून चेहरा रुंद होतो, घोडी कधी या पायानं कधी त्या पायानं लंगडते. नालबंदावर राग काढतात लोक, आणि कारण गव्हाणीत असतं.

द्यायचं काय? सुका चारा मुख्य. चांगला कोरडा कडबा, डोंगरातलं मारवेल-पवन्यासारखं गवत, हरळी. थोडा लसूणघास. शरीराच्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे ३०० किलोच्या तट्टाला दिवसाला ६ किलो, तीन-चार वेळा विभागून. खुराक कामाप्रमाणं, भिजवलेला हरभरा, सातू, थोडा कोंडा. रिकामी उभी असलेल्या घोडीला खुराक वाढवू नका. मिठाचा खडा कायम. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात जास्त.

काय द्यायचं नाही:
- बुरशी आलेला कडबा, पावसाळ्यात गंजीच्या तळाचा हमखास तसा असतो
- कोवळी ज्वारी आणि फुटवे
- सरकी पेंड, युरिया घातलेलं पशुखाद्य
- कोंबडी खाद्य. सांगलीकडं घरोघर पोल्ट्री आहे म्हणून मुद्दाम लिहितो. त्यात मोनेन्सिनसारखं औषध असतं, कोंबडीला चालतं, घोड्याचं काळीज बंद पाडतं. पोतं उघडं ठेवू नका.

९. पहिला महिना

आणून ठेवायचं सामान: मोहरकी आणि दोन दोऱ्या, साधी कडी असलेला लगाम, तिच्या पाठीला बसणारं खोगीर (कुणाचं तरी जुनं आणलेलं नाही, पाठीला फोड येतात), खरारा, कडक ब्रश, खूर साफ करायचा आकडा, तोबरा, दोन बादल्या, थर्मामीटर. अगाडी-पिछाडी (पुढच्या-मागच्या बाजूच्या दोऱ्या) बांधायची पद्धत जाणत्याकडून शिकून घ्या, चुकीची बांधली की पाय सोलतो.

पहिले पंधरा दिवस बसू नका. सकाळ-संध्याकाळ खरारा करा, पाय उचला, हातानं धरून गावात फिरवा. आमची भीमथडी पहिले चार दिवस पाटीत तोंडच घालत नव्हती, जमिनीवर टाकलेलंच खायची, वाड्यावरची सवय. आईनं तिच्यासमोर पोत्यावर चारा टाकला, मग पोतं रोज थोडं पाटीकडं सरकवत नेलं, आठवड्यानं पाटीत खायला लागली.

धनुर्वाताची लस लगेच, महिन्यानं दुसरा डोस, मग दरवर्षी. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, खिळ्याची जखम पुरते. रेबीजची पण द्या. पावसाळ्यात गोमाश्या वाढल्या की सर्रा नावाचा रक्ताचा रोग होतो, ताप येतो-जातो, पोटाखाली सूज, घोडी वाळत जाते, तेव्हा रक्त तपासा. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी, नाल झिजलेली नसली तरी, कारण खूर वाढलेलं असतं.

तब्येत चांगली असताना तिचे आकडे लिहून ठेवा: ताप ९९ ते १०१ फॅरनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला बोटांनी लागते, दोन दिवसात सापडायला लागते.

आणि पोटदुखी. वारंवार पोटाकडं वळून बघते, पुढच्या पायानं जमीन उकरते, ओठ वर करते, बसते-उठते, लोळते, लीद टाकत नाही, यातलं काहीही दिसलं की सगळ्यात आधी चारा काढून घ्या, डॉक्टरला फोन लावा आणि ताप-नाडी सांगा. लोळत असेल तर हळूहळू चालवा, पण दमवू नका. तेल, सोडा, दारू असलं काही नळीनं घशात ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. रात्री दोन वाजता पण फोन करा. डॉक्टरचा नंबर तबेल्याच्या खांबावर खडूनं मोठा लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही घरी नसला तरी घरातल्या कुणालाही लावता येईल.